दुसरा भाग पडून का राहतो? मालिका छापणाऱ्यांसाठी वाचकाचा हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओत आकडेमोडीला वेळ कमी पडला, म्हणून ती इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल. फक्त वही आणि पेन जवळ घेऊन बसा, मोबाइलवर नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

दापोड्यात काय चालतं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, लोकांनी मागवलेला माल इथून जातो आणि नको झालेला माल इथेच परत येतो. माणकोली नाक्यावरून आत वळलं की गोदामाला गोदाम लागून आहे. चपला, शॅम्पू, मोबाइलची कव्हरं, मिक्सर आणि पुस्तकंसुद्धा. आमच्या बॅचमधल्या एक ताई अशाच एका गोदामात रिटर्नच्या टेबलावर काम करतात. परत आलेलं पार्सल उघडायचं, आतला माल तपासायचा, पुन्हा विकता येईल की भंगारात जाईल ते ठरवायचं. दिवसभर हे काम, आणि रात्री पोरं झोपली की मोबाइलवर कादंबरी.

कादंबरी कसली? भुताची लव्हस्टोरी. ताईंचाच शब्द आहे हा. गोदामात नाइट शिफ्ट करणारी एक मुलगी असते. त्या जागेवर पूर्वी यंत्रमागाचा कारखाना होता, त्यात मेलेला एक तरुण विणकर तिला दिसतो, फक्त तिलाच. दोघांचं प्रेम जमतं आणि ऐन वेळी गोष्ट थांबते. भाग पहिला समाप्त. इंग्रजीत याला पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात आणि तिकडे याचा फार मोठा बाजार आहे. आपल्याकडे प्रतिलिपीसारख्या ॲपवर अशा मालिका रोज भागाभागाने वाचल्या जातात, फक्त पुस्तकांच्या दुकानात त्यांना वेगळं कपाट नसतं.

ताईंनी पहिला भाग स्वतःच्या पैशाने छापला, ३०० प्रती. व्हॉट्सॲपवर, नातेवाइकांत, गोदामातल्या बायकांत, डोंबिवलीच्या मैत्रिणींत करत करत ११ महिन्यांत सगळ्या संपल्या. मग भिशी लागली, हुरूप आला आणि दुसऱ्या भागाच्या त्यांनी ५०० प्रती काढल्या, प्रतीमागे ९५ रुपये खर्चून. सात महिन्यांत १०८ विकल्या गेल्या. राहिलेल्या ३९२ पलंगाखाली. गुणाकार करा: ३७,२४० रुपये पलंगाखाली झोपलेत. नवऱ्याने एकदाच विचारलं, “हे कधी उचलायचं?” ते वाक्य त्यांना जास्त लागलं.

माझ्याकडे आल्या त्या हाच प्रश्न घेऊन. “भाऊ, लोकांना दुसरा भाग नाही आवडला. तिसरा लिहू का सोडून देऊ?”

आता इथे थांबा. प्रश्नातच उत्तर गृहीत धरलंय. दुसरा भाग खपला नाही, म्हणजे दुसरा भाग वाईट. ज्यांनी विकतच घेतला नाही, त्यांना तो आवडला नाही हे कसं कळणार? न घेतलेला माल रिटर्नला येत नाही, त्यामुळे त्याचं कारणही कुठे लिहिलेलं नसतं.

मी त्यांना म्हटलं, पहिला भाग ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी ४० जणांना फोन करा. “आवडलं का?” असं विचारायचं नाही, कारण आपल्याकडे तोंडावर “छान आहे” म्हणायची पद्धत आहे. विचारायचं ते एवढंच, पुस्तक उघडलं का, कुठपर्यंत आलात, पुढचा भाग आलाय हे माहीत होतं का. ताई लाजत होत्या. चार दिवस लावले, पण फोन केले.

४० पैकी ३१ जणांनी उचलला. त्यातल्या ९ जणांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. ताईंनी लिहिलंय, घ्यायला हवं, म्हणून घेतलं होतं. सहा जण मध्येच थांबले होते. पूर्ण वाचलेले १६. या १६ पैकी ११ जणांनी दुसरा भाग घेतला होता, तिघांना तो आलाय हेच माहीत नव्हतं आणि दोघांनी ठरवून घेतला नव्हता.

वहीत मांडा. ३१ पैकी १६ म्हणजे साधारण निम्मे लोक पुस्तक संपवतात. हेच प्रमाण ३०० ला लावलं तर पहिला भाग संपवलेले वाचक होतात जेमतेम १५५. त्यातले १६ ला ११ या हिशोबाने दुसरा भाग घेणार साधारण १०६ जण. आणि प्रत्यक्षात विकल्या गेल्या किती? १०८.

३१ माणसं म्हणजे काही मोठं सर्वेक्षण नव्हे, आणि फोनवर ओळखीचे लोकच जास्त होते. तरीही आकडा इतका जवळ आल्यावर ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. दुसरा भाग पडलेलाच नव्हता. त्याला जेवढे वाचक मिळू शकत होते, तेवढे जवळजवळ सगळे मिळाले होते. चूक लिखाणात कमी आणि छपाईच्या ऑर्डरमध्ये जास्त होती.

मालिकेचा हा पहिला नियम, आणि तो कुणी नवख्याला सांगत नाही. दुसऱ्या भागाचे गिऱ्हाईक बाजारात नसतात. ते पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर बसलेले असतात. “भाग २” असं लिहिलेलं पुस्तक अनोळखी माणूस उचलत नाही, उचललं तर आधी विचारतो, पहिला आहे का? आणि ताईंकडे पहिला भाग नव्हताच! ३०० संपल्या त्या संपल्या, पुन्हा छापल्याच नाहीत. दाराला कुलूप लावून आतल्या खोलीत दुकान मांडल्यासारखं झालं. हे मला फोनच्या हिशोबानंतर कळलं. खरं तर मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

बाहेर हे कसं जमवलं?

या प्रकारातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या अमांडा हॉकिंगचं. मिनेसोटा राज्यातल्या ऑस्टिन नावाच्या छोट्या गावातली मुलगी, दिव्यांगांची देखभाल करणाऱ्या संस्थेत नोकरी, प्रकाशकांची नकारपत्रं घरात साठलेली. २०१० च्या एप्रिलमध्ये तिने आपल्या कादंबऱ्या स्वतःच किंडलवर टाकायला सुरुवात केली. व्हॅम्पायर, ट्रोल आणि प्रेम असा सगळा मसाला. वर्षभरात दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या, आणि मार्च २०११ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या मोठ्या प्रकाशनाने पुढच्या चार पुस्तकांसाठी वीस लाख डॉलरहून जास्त रकमेचा करार केला.

लोक ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. मला त्यात दोन धंदेवाईक गोष्टी दिसतात. एक म्हणजे किंमत. मालिकेचा पहिला भाग ९९ सेंट आणि पुढचे भाग २.९९ डॉलर. पहिल्या भागावर तिने कमाई शोधलीच नाही, तो दरवाजा होता. दुसरी गोष्ट वेळेची. तिच्याकडे लिहून तयार असलेल्या कादंबऱ्यांचा साठा होता. तिची ‘ट्रिल’ ही तीन भागांची मालिका २०१० च्या उत्तरार्धात सुरू झाली आणि २०११ च्या सुरुवातीला पूर्णही झाली. पहिला भाग संपवून वाचक उत्सुक असतानाच दुसरा त्याच्या हातात. ताईंच्या दोन भागांत दीड वर्ष गेलं. नोकरी आणि संसार सांभाळून ते स्वाभाविकच आहे, मी नावं ठेवत नाही. पण दीड वर्षाने वाचकाला नायिकेचं नावसुद्धा आठवत नाही. म्हणून दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला “आधी काय घडलं” हे एक पान द्यायलाच हवं. त्याला खर्च काहीच येत नाही.

किंमतीचं गणितही करून टाकू. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, पहिला भाग ई-बुक म्हणून स्वस्त ठेवला आणि एका विक्रीमागे तुमच्या हातात १५ रुपये येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागामागे ६० रुपये. १०० जणांनी पहिला घेतला तर १,५०० रुपये. त्यातले ५० दुसऱ्यावर गेले, ३,००० रुपये. त्यातले ४० तिसऱ्यावर गेले, २,४०० रुपये. एकूण ६,९००, म्हणजे पहिला भाग घेणाऱ्या एका वाचकाची खरी किंमत तुमच्यासाठी ६९ रुपये आहे, १५ नाही. जाहिरातीवर खर्च करताना हा ६९ चा आकडा समोर ठेवायचा. आता दुसऱ्यावर जाणारे ५० ऐवजी २० धरा आणि त्यातले १६ तिसऱ्यावर. एकूण येतात ३,६६०. एका वाचकाची किंमत साडेछत्तीसच्या आसपास, जवळजवळ निम्मी. तिसरा भाग कितीही सुंदर लिहा, गळती पहिल्या आणि दुसऱ्याच्या सांध्यात आहे.

वाचक रागावतो कशावर?

आता त्या दोघांकडे येऊ, ज्यांनी ठरवून दुसरा भाग घेतला नाही. आणि घेतलेल्या ११ जणांकडेही, कारण त्यांच्याही तक्रारी होत्या.

एकीला राग होता पहिल्या भागाच्या शेवटाचा. “अर्ध्यावर सोडलंत, मला फसवल्यासारखं वाटलं.” गोष्ट उत्कंठेवर तोडावी की नाही, यावर लेखकांत कायम वाद असतो. मुंबईच्या अमीश त्रिपाठींचं ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ २०१० साली आलं तेही ऐन प्रसंगातच थांबतं. प्रकाशकांच्या नकारांनंतर एजंटच्या मदतीने बाहेर काढलेलं पुस्तक ते, पहिलं प्रकरण दुकानांत फुकट वाटलेलं. तिथे तोडणं चाललं, कारण पुढे आणखी भाग येणार हे वाचकाला आधीपासून माहीत होतं आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये दुसरा आलाही. ताईंच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर “भाग पहिला” हे शब्दच नव्हते. वाचकाने पूर्ण गोष्टीचे पैसे दिले आणि त्याला अर्धी मिळाली. गोदामाच्या भाषेत सांगायचं तर पार्सलमध्ये एक चप्पल निघाली. माणूस चिडणारच.

दुसरी तक्रार जास्त मोलाची. पहिल्या भागात तो विणकर फक्त नायिकेला दिसतो, आणि तोही माग चालल्याचा आवाज तिच्या कानात घुमत असेल तेव्हाच. दुसऱ्या भागात तो सिक्युरिटीवाल्यालाही दिसला. का दिसला, ते कुठेच नाही. ताई म्हणाल्या, सीन चांगला जमत होता म्हणून केला. अहो, भुताच्या गोष्टीत वाचक भूत मानायला एका पायावर तयार असतो, पण एकदा सांगितलेला नियम मोडलेला त्याला खपत नाही. अशक्य गोष्ट त्याने तुमच्या शब्दावर मान्य केलेली असते, आणि तो शब्द तुम्हीच फिरवता. म्हणून पहिला भाग लिहून झाला की एका कागदावर नियम लिहून ठेवा: कोणाला दिसतो, कधी दिसतो, स्पर्श करू शकतो का, कशाने जातो. दुसरा भाग लिहिताना तो कागद भिंतीवर चिकटवा.

तिसरी तक्रार प्रेमाची. दुसऱ्या भागात ताईंनी एक जिवंत, देखणा, पगारदार मॅनेजर आणला आणि नायिकेचं मन त्याच्याकडे झुकवलं. एका वाचक बाईंनी फोनवर सरळ सुनावलं, “तो मेलाय म्हणून काय झालं? आम्हाला तोच हवा होता.” मला हसू आलं, पण बाई बरोबर बोलत होत्या. प्रेमकथेच्या मालिकेत वाचक जोडीवर पैसे लावतो. स्टेफनी मायरच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेत २००६ चा दुसरा भाग, ‘न्यू मून’, नायकाला बराच काळ गायब ठेवतो. मालिका मोठी होती म्हणून ते निभावलं, तरी वाचकांचे दोन तट पडले. २००८ साली चौथा भाग आला. पहिल्याच दिवशी अमेरिकेत तेरा लाख प्रती गेल्या, आणि तरीही निराश झालेल्या वाचकांनी पुस्तक दुकानात परत करण्याची मोहीम काढली. रिटर्नच्या टेबलावर काम करणाऱ्या आमच्या ताईंना हे फार आवडलं. “मग ते परत आलेलं तपासलं कुणी?” असं विचारलं त्यांनी.

पुढचा भाग म्हणजे गोष्ट पुढेच गेली पाहिजे, असंही नाही. आपल्याकडचंच बघा, टीव्हीचं उदाहरण आहे पण इथे चालतं. ‘रात्रीस खेळ चाले’ झी मराठीवर २०१६ साली आली तेव्हा अण्णा नाईक सुरुवातीलाच वारलेले होते. २०१९ च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं ते मागे गेलं, अण्णांच्या हयातीत. अण्णा आणि शेवंता ही जोडी घराघरात पोचली ती त्या पर्वाने. हा माणूस नक्की होता कसा, हा प्रश्न पहिल्या पर्वाने शिल्लक ठेवला होता आणि दुसऱ्याने त्याचंच उत्तर दिलं. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात मध्येच शेवंतेची अभिनेत्री बदलली आणि लोक तुलना करत बसले. वाचकाच्या मनात कोणता प्रश्न उरलाय, ते आधी शोधा. ताईंच्या वाचकांपैकी सात-आठ जणांनी एकच विचारलं होतं: तो विणकर मेला कसा? ताईंनी दुसऱ्या भागात त्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. दोन!

आणखी एक वाट आहे, जी आपल्या जुन्या लेखकांनी धरली. नारायण धारपांचा समर्थ कथेमागून कथेत येतो, पण प्रत्येक वेळचं संकट त्याच पुस्तकात मिटतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, काळा पहाड आणि झुंजार पुन्हा पुन्हा आले, पण कुठलंही पुस्तक उचला आणि सुरू करा. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंदही तसाच. मला वाटतं याचं एक कारण वाचनालय होतं. दुसरा भाग दुसऱ्या कुणी नेलेला असेल तर वाचकाने करायचं काय? त्यामुळे पात्र तेच, गोष्ट नवी. इंग्रजीतल्या पॅरानॉर्मल रोमान्समध्येही हा प्रकार जोरात आहे. जे. आर. वॉर्डची २००५ पासूनची ‘ब्लॅक डॅगर ब्रदरहुड’ मालिका बघा, जग तेच, पण नायकाची पाळी भागागणिक बदलते. ज्यांना वर्षाला एकच पुस्तक जमतं आणि हातोहात विकावं लागतं, त्यांनी हाच साचा धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. कुठल्याही भागातून वाचक आत येऊ शकतो, म्हणजे दरवाजे वाढतात.

स्टार बघून फसू नका

ॲपवर लिहिणारे मला स्क्रीनशॉट पाठवतात: “सर, पहिल्या भागाला ३.८ होते, दुसऱ्याला ४.७! सुधारणा आहे ना?” असेलही, पण या आकड्यावरून कळत नाही. समजा, पहिला भाग १०० जणांनी वाचला, ६० जणांनी पाच स्टार दिले आणि ४० जणांनी दोन. सरासरी ३.८. ते ४० जण पुढे येतच नाहीत. उरलेल्या ६० प्रेमी मंडळींनी दुसऱ्या भागाला किंचित कमी लेखलं तरी सरासरी ४.७ दिसते. म्हणजे दुसरा भाग थोडा उतरलेला असूनही आकडा चढला. मालिकेत स्टारच्या आधी माणसं मोजायची. पहिल्यावर किती, दुसऱ्यावर किती, किती दिवसांत.

आता ताईंचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण सगळे तेच विचारतात.

पहिला सल्ला ऐकून त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, पहिला भाग पुन्हा छापा. अजून पैसे घालायचे? पण हिशोब बघा. आतापर्यंत पहिल्या भागाच्या १०० वाचकांमागे ३६ जण दुसऱ्यावर गेलेत. ३९२ प्रती याच वाटेने संपवायच्या तर पहिल्या भागाचे हजारावर नवे वाचक लागतील. ते काही एका वर्षात होत नाही, उगाच आशा दाखवण्यात अर्थ नाही. म्हणून सुटं विकायचंच नाही, दोन्ही भागांची जोडी करायची. जोडी घेणाऱ्याला मधली गळती लागत नाही, दोन्ही प्रती एकदमच घरात जातात. त्यासाठी पहिल्या भागाच्या फक्त १०० प्रती काढल्या, डिजिटल छपाईने. प्रतीमागे खर्च जास्त आला, पण अडकणारी रक्कम छोटी. मुखपृष्ठावर या वेळी ठळक “भाग १” आहे. शेवटच्या पानावर ताईंचा व्हॉट्सॲप नंबर आणि एक ओळ, पुढचं पुस्तक आलं की कळवू. पहिली तीन प्रकरणं ॲपवर फुकट टाकली. दुसऱ्या भागात एका कागदाची घडी घालून ठेवली, “आधी काय घडलं”.

आणि ज्या तिघांना दुसरा भाग आलाय हेच माहीत नव्हतं, त्यातल्या दोघांनी फोनवरच ऑर्डर दिली. ३०० गिऱ्हाइकांपैकी २६० जणांना अजून फोन गेलेलाच नाही. तो आता रविवारी दहा-दहा असा चाललाय.

जोड्या आतापर्यंत ४१ गेल्यात. पलंगाखालचा ढीग दिसण्याइतका कमी झालेला नाही, तरी नवऱ्याने यावेळी दोन पार्सलं स्वतः कुरिअरला नेऊन दिली म्हणे.

तिसरा भाग त्या लिहितायत. मॅनेजरची बदली झालीये आणि विणकर कसा मेला त्याची पूर्ण गोष्ट येणार आहे. छापायच्या किती, हे अजून ठरलेलं नाही. दुसरा भाग संपवलेल्यांचे फोन झाले की तो आकडा काढू. तुमची मालिका असेल तर तुम्हीही ते तीन प्रश्न घेऊन निदान २० जणांना फोन करा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत जोडीची किंमत कशी लावायची ते घेतोय, तेव्हा हे आकडे समोर लागतील.